अजून थोडं जवळ!

बालमित्रांनो, फराळाचे डबे रिकामे झाले का? आमच्याकडे तर चिवड्यातल्या फक्त मिरच्या उरल्या आहेत. शेंगदाणे आणि खोबरं कोणी वेचून खाल्लं, त्याचा तपास अजून चालू आहे!

सहामाही परीक्षेच्या आधी सिन्नरहून एका चौथीतल्या मित्राचं पत्र आलं होतं. त्यानं विचारलं होतं, "बाई, गंगेत डॉल्फिन असतात असं पुस्तकात आहे. मग आपल्या गंगेत का नाहीत?" तुम्ही नाशिकचे नसाल तर तुम्हाला गंमत वाटेल. आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. "जरा गंगेवर जाऊन येतो" म्हटलं की समजायचं, स्वारी रामकुंडाकडे निघाली. तेव्हा प्रश्न अगदी बरोबर होता!

तर मित्रा, उत्तर असं. उत्तरेच्या गंगेत आणि ब्रह्मपुत्रेत जो डॉल्फिन राहतो, तो गोड्या पाण्यातला. २००९ साली त्याला आपल्या देशाचा राष्ट्रीय जलचर प्राणी म्हणून मान मिळाला. त्याचं सारं गणगोत त्या उत्तरेकडच्या नद्यांत. मधले डोंगर आणि पठारं ओलांडून आपल्या गोदावरीत यायला त्याला वाटच नाही.

पण डॉल्फिन आपल्यापासून फार लांब आहेत असं मात्र समजू नका हं! नकाशा काढा आणि पट्टी घ्या. गोदावरी उगम पावते त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर. तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत ८० किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे समुद्र जवळजवळ उंबऱ्याशी! पण आमच्या गोदाबाई त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेला चालू लागतात आणि सुमारे १४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळतात. ज्या समुद्राकडे तिनं पाठ फिरवली, त्या समुद्रात डॉल्फिन आहेत. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत, अगदी मुंबईच्या किनाऱ्यालासुद्धा अधूनमधून दिसतात.

मी ते या सुट्टीत पाहून आले. कसे पाहिले, ते सांगताना मला थोडी लाजही वाटणार आहे. पण सांगते.

माझी थोरली बहीण, दाजी, त्यांची दोन मुलं, आमच्या घरचे आणि शेजारचे एक आजी-आजोबा, असे आम्ही अकराजण एका भाड्याच्या ट्रॅक्समध्ये कोंबून बसलो आणि रात्री नाशिकहून निघालो. पुणे, कोल्हापूर करत फोंडा घाट उतरलो तेव्हा उजाडलं होतं. घाटात कोणाकोणाला काय काय झालं ते सांगत नाही. दुपारी देवबागला पोचलो.

देवबाग हे मालवणजवळचं गाव मोठं नवलाचं आहे. जमिनीची एक अरुंद पट्टी. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र. घराच्या पुढच्या दारातून नदी दिसते आणि मागच्या दारातून लाटांचा आवाज येतो. पट्टी संपते तिथे नदी समुद्राला मिळते, त्याला तिथले लोक संगम म्हणतात. आपल्याकडे नद्यांचा संगम असतो, इथे नदीचा आणि सागराचा! पाण्याचा रंगसुद्धा अर्धा हिरवट, अर्धा निळा.

आमच्या भाच्यांनी नाशिकमध्येच जाहीर करून टाकलं होतं की आपण डॉल्फिन बघायला चाललोय. शाळेत, गल्लीत, किराणा दुकानात, सगळीकडे सांगून झालं होतं. त्यामुळे डॉल्फिन दिसले नसते तर नाशिकला परतायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला होडीत बसलो. फायबरची होडी, मागे इंजिन. प्रत्येकाला नारिंगी जॅकेट घालायला लावलं. आजोबा म्हणाले, "मला पोहता येतं, मी गोदावरीच्या पुरात उड्या मारल्यात." तांडेलकाका म्हणाले, "तुमका येता, पण दर्याक म्हायत नाय ना!" आजोबांनी मुकाट्यानं जॅकेट चढवलं. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख, बरं का. हे काका पन्नाशीचे, केस पांढरे, चेहरा उन्हानं तांब्याच्या घागरीसारखा झालेला.

संगमावर लाटांनी दोन-चार दणके दिले आणि आम्ही मोकळ्या समुद्रात आलो. डोक्यावर पांढरे-करडे कुरव पक्षी घिरट्या घालत होते. यातले काही कुरव लडाख-तिबेटच्या उंच सरोवरांवर अंडी घालतात आणि थंडीत आपल्याकडे उतरतात. थोडं पुढे गेल्यावर भाची ओरडली, "नारळ! नारळ तरंगतोय!" नारळानं डोकं वळवून आमच्याकडे पाहिलं आणि बुडी मारली. समुद्री कासव होतं ते! मला एकदम बागेश्रीची आठवण झाली. बागेश्री ही एक ऑलिव्ह रिडले जातीची मादी कासव. २०२३ च्या फेब्रुवारीत गुहागरच्या किनाऱ्यावर शास्त्रज्ञांनी तिच्या पाठीवर उपग्रहाला संदेश पाठवणारं छोटं यंत्र बसवलं. बाई पोहत पोहत दक्षिणेला गेल्या, श्रीलंकेला वळसा घातला आणि थेट बंगालच्या उपसागरात पोचल्या. गोदावरी जमिनीवरून जिथे जाते, तिथेच ही समुद्रातून गेली. आहे की नाही गंमत?

आणि मग कोणीतरी ओरडलं, "तो बघा!"

पाण्यातून एक काळसर पाठ वर आली. पाठीवर उंचवटा, त्यावर छोटासा त्रिकोणी पर. गोल वळून पुन्हा आत. जणू पाण्याखाली कोणी मोठं चाक फिरवत होतं आणि त्याची कड तेवढी दिसत होती. आमच्या होडीत जो आरडाओरडा झाला, तो नाशिकला ऐकू गेला असेल!

आमच्याखेरीज आणखी पाच होड्या होत्या. सगळ्यांनी एकदम तिकडे धाव घेतली. आम्ही पोचेपर्यंत तिथे नुसतं पाणी. मग डाव्या बाजूला शंभर पावलांवर पाठ दिसली. सगळ्या होड्या डावीकडे. पुन्हा पाणी. मग उजवीकडे. भाचा मोबाइल धरून उभा, त्याच्या चित्रफितीत फक्त दाजींचा कान आला होता. तो रडवेला झाला. आणि मुलांनो, तेव्हा मी काय म्हणाले माहीत आहे? मी, वर्गात ज्या तुम्हाला सांगतात की पक्ष्यांच्या घरट्याजवळ जाऊ नये, नांदूर मधमेश्वरला गेलं की कुजबुजतसुद्धा बोलायचं नाही, त्या बाई म्हणाल्या, "काका, अजून थोडं जवळ घ्या ना!"

एकदा नाही, तीन-चारदा म्हणाले. आणि काका दर वेळी होडी जवळ घेत होते.

मग ते झालं.

आमच्या समोर एक मोठी पाठ वर आली आणि तिला अगदी चिकटून एक छोटी, फिकट राखाडी पाठ. दोन्ही एकदम वर, एकदम खाली. "पिल्लू, पिल्लू!" सगळे किंचाळले. आम्ही एका बाजूनं निघालो, दुसरी एक होडी समोरून आली आणि दोन होड्यांच्या मध्ये पाणी नुसतं घुसळून निघालं. पुढच्या वेळी मोठी पाठ वर आली ती त्या होडीच्या पलीकडे. पिल्लू आमच्या बाजूला, एकटं. ते लगेच वर आलं, खाली गेलं, पुन्हा वर आलं. तीन-चार वेळा, अगदी भराभरा. एकदा आमच्या इतकं जवळ आलं की मला त्याचं लांब तोंड दिसलं. आम्हाला हवं होतं तितकं जवळ. भाच्याची चित्रफीत या वेळी छान आली.

भाची सात वर्षांची आहे. तिनं माझा दंड धरला आणि विचारलं, "मावशी, ते आईला शोधतंय का?"

मी तांडेलकाकांकडे पाहिलं. ते म्हणाले, "आवशीच्या वांगडा होतां तां. आता ती थंय आनी ह्यां हंय." म्हणजे आईबरोबर होतं, आता ती तिकडे आणि हे इकडे. मी म्हटलं, "मग काका, तुम्ही थांबवलं का नाहीत?" काका माझ्यावर रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, "बाई, तुमीच सांगलास ना, जवळ घ्या."

यावर माझ्याकडे काही उत्तर नव्हतं. मी म्हटलं, "इंजिन बंद करा."

दाजी म्हणाले, "अगं, माणशी पैसे मोजलेत! बंद काय करा?" त्यांचंही खरं होतं. लोक पैसे देतात आणि डॉल्फिन दाखवा म्हणतात. ज्याच्या होडीतून जवळून दिसत नाहीत, त्याच्या होडीत दुसऱ्या दिवशी कोणी बसत नाही. मग तो तरी काय करणार? पण काकांनी इंजिन बंद केलं होतं.

आता एक सांगू? थांबलेली होडी चालत्या होडीपेक्षा जास्त हलते. दोन मिनिटांत भाच्याचं पोट ढवळलं आणि सकाळचे पोहे समुद्रार्पण झाले. आजींनी पिशवीतून आवळा सुपारी काढली. दाजी घड्याळ बघत होते. दुसऱ्या होड्यांची वेळ संपली होती, त्या एकेक करून परत निघाल्या. त्यांची घरघर बारीक बारीक होत गेली. मग फक्त पाण्याचा डुबुक डुबुक आवाज.

आम्ही तसे बसलो असताना तुम्हाला डॉल्फिनविषयी थोडं सांगून घेते, कारण पुढे जे झालं ते कळायला त्याची गरज आहे.

डॉल्फिन हा मासा नाही. आपली भाषा इथे जरा घोटाळा करते. "देवमासा" म्हणतो आपण, पण देवमासाही मासा नव्हे! दोघेही सस्तन, तुमच्या-आमच्यासारखे फुप्फुसांनी श्वास घेणारे. ओळखायची खूण सांगते. माशाची शेपटी उभी असते आणि तो ती डावी-उजवीकडे हलवतो. डॉल्फिनची शेपटी आडवी असते आणि तो ती वर-खाली मारतो. पुढच्या वेळी चित्र काढाल तेव्हा लक्षात ठेवा. निम्मी मुलं डॉल्फिनला माशाची शेपटी लावतात.

त्याचं नाक डोक्यावर असतं, एकच भोक. श्वासासाठी त्याला वर यावंच लागतं. आपण झोपेत आपोआप श्वास घेतो, पण डॉल्फिन पाण्यात गाढ झोपला तर बुडेल. म्हणून तो मेंदूचा एक अर्धा भाग झोपवतो आणि दुसरा जागा ठेवतो. मग आळीपाळी. (परीक्षेच्या दिवसांत आपल्यालाही ही सोय असती तर!)

आपल्या किनाऱ्याजवळ जो बहुधा दिसतो, त्याला पाठीवरच्या उंचवट्यामुळे इंग्रजीत हंपबॅक डॉल्फिन म्हणतात. कोकणातले मच्छीमार म्हणतात गादा. शास्त्रीय नाव सूसा प्लंबिया. प्लंबियाचा अर्थ शिशाच्या रंगाचा. पाठ ओली चमकली की खरंच वितळलेल्या शिशासारखी दिसते. पूर्वी हा डॉल्फिन आणि पूर्वेकडच्या समुद्रातले त्याचे भाऊबंद एकच समजत. २०१४ साली शास्त्रज्ञांनी हा वेगळा आहे असं ठरवलं. २०१७ साली जगाच्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत त्याचं नाव आलं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यात तर त्याला वाघाच्याच पंक्तीला बसवलंय.

तो संकटात का? कारण तो किनारा सोडत नाही. सहसा २५ मीटरपेक्षा उथळ पाण्यातच राहतो. म्हणजे आठ मजली इमारतीइतकी खोली, बस्स. नदीच्या मुखाशी बोय, तारली असे मासे भरपूर, म्हणून तोही तिथेच. आणि जिथे मासे तिथे मच्छीमारांची जाळी, बंदरं, शहरांचं सांडपाणी आणि आता आम्ही पाहुणे. खोल समुद्रातल्या डॉल्फिनला त्रास झाला तर तो दूर जाऊ शकतो. याला जायला दुसरी जागाच नाही. त्यात मादीला साधारण तीन वर्षांतून एकदा एकच पिल्लू होतं. जन्मतः मीटरभर लांबीचं, दोन-तीन वर्षं तरी आईला धरून राहणारं. आई त्याला पाण्याखाली दूध पाजते.

आणि आता आवाजाचं. गढूळ पाण्यात डोळ्यांचा काय उपयोग? डॉल्फिन टिक्-टिक् असे बारीक आवाज सोडतो, ते माशावर, खडकावर आपटून परत येतात आणि त्यावरून त्याला कळतं काय कुठे आहे. परतलेला आवाज तो कानांनी नाही, खालच्या जबड्यातून घेतो! एकमेकांना हाक मारायला शिट्ट्या घालतो. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, पाण्यात सुमारे १५००. म्हणजे चौपटीहून जास्त वेगानं. तशी होडीच्या इंजिनाची घरघरसुद्धा जाते. सहा होड्यांची सहा इंजिनं. आमच्या कानांना ती नुसती घरघर होती. पाण्याखाली तो गोंधळ कसा वाटत असेल, याचा मी होडीत बसेपर्यंत कधी विचारच केला नव्हता.

बारा मिनिटं झाली. घड्याळात पाहिलं होतं म्हणून सांगते.

"फुस्स!"

सायकलच्या चाकातली हवा सोडल्यासारखा आवाज. आम्ही वळून पाहिलं तर होडीपासून बऱ्याच अंतरावर पाण्यावर बारीक तुषार. मग दुसरा फुस्स. श्वास होता तो! इतका वेळ इंजिनाच्या आवाजात तो ऐकूच आला नव्हता. चार गादे होते. संथपणे, रांगेत, आपल्या कामाला निघाल्यासारखे. काका कुजबुजले, "गप रवा. येतत ते." कोणी ओरडलं नाही. दाजीसुद्धा. ते आमच्या अंगावरून जावेत इतके जवळ आले नाहीत, चित्रपटासारख्या उड्या मारल्या नाहीत. शाळेच्या मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाइतकं अंतर असेल. पण आम्ही त्यांचा प्रत्येक श्वास ऐकत होतो. त्यातल्या एका मोठ्या पाठीला चिकटून एक फिकट, छोटी पाठ होती.

"तेच आहे ना ते, मावशी? मिळाली ना त्याला आई?"

मला हो म्हणायचं होतं. पण खरं सांगायचं तर मला माहीत नव्हतं. डॉल्फिनचा अभ्यास करणारे लोक त्यांच्या पाठीवरच्या पराचे फोटो काढतात. प्रत्येकाच्या पराच्या खाचा, ओरखडे, डाग वेगळे, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे. वर्षानुवर्षांचे फोटो जुळवून त्यांना सांगता येतं की हा अमुक, तो तमुक. आम्ही पाचच मिनिटं पाहिलं होतं. मी भाचीला म्हटलं, "पिल्लू आहे आणि आईजवळ आहे. तेच की दुसरं, ते मला सांगता येणार नाही." तिला हे उत्तर आवडलं नाही. नाशिकपर्यंत ती चारदा पुन्हा विचारत होती.

परतताना तांडेलकाका बोलायला लागले. तरुणपणी ते मासेमारीच करायचे. गादे जाळ्यातले मासे ओढतात, जाळी फाडतात, म्हणून मच्छीमारांचा त्यांच्यावर राग. आणि कधी गादाच जाळ्यात अडकतो, श्वासाला वर येता येत नाही, आणि बुडून मरतो. पाण्यात राहणारा प्राणी पाण्यात बुडून! एकदा त्यांच्या भावाच्या जाळ्यात एक जिवंत सापडला. जाळं नवं होतं, कर्ज काढून घेतलेलं. भावानं सुरी काढली आणि जाळं कापलं. "मगे?" मी विचारलं. (मलाही थोडी मालवणी येऊ लागली होती!) काका म्हणाले, "मगे काय, वर्सभर हप्ते भरल्यान." ही जुनी गोष्ट. २०१८ च्या डिसेंबरपासून मात्र महाराष्ट्रात अशी योजना आहे की डॉल्फिन, कासव असा संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी मच्छीमारानं जाळं कापलं, तर त्याला सरकारकडून २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. त्यासाठी फोटो काढून दाखवावे लागतात.

मी काकांना विचारलं, जगात इतर ठिकाणी डॉल्फिन दाखवताना काय करतात ते तुम्हाला ठाऊक आहे का? ऑस्ट्रेलियात होडीनं डॉल्फिनच्या ५० मीटरच्या आत जायचं नाही असा दंडक आहे. न्यूझीलंडमध्ये १९९२ पासून नियम आहे की डॉल्फिनपासून ३०० मीटरच्या आत एका वेळी तीनच होड्या. चौथीनं थांबायचं. काका हसले. म्हणाले, "चवथ्या व्हडीतल्या मान्सांका कोन सांगतलो?" चौथ्या होडीतल्या माणसांना कोण सांगणार!

नाशिकला आल्यावर शाळा सुरू झाली आणि मी माझ्या तिसरीच्या वर्गाला हे सगळं सांगितलं. "अजून थोडं जवळ"सुद्धा सांगितलं. एकानं लगेच विचारलं, "बाई, मग तुम्हाला शिक्षा?" वर्गानं मला शिक्षा दिली, पन्नास मीटर म्हणजे किती ते मैदानावर मोजून दाखवायचं. सुतळी घेतली, मीटरपट्टीनं गाठी मारल्या, ध्वजस्तंभापासून निघालो ते थेट पाण्याच्या टाकीच्या पुढे. मुलं म्हणाली, "एवढ्या लांबून काय दिसणार?" मग एका मुलीला तिकडच्या टोकाला उभं केलं. तिच्या फ्रॉकवरची फुलं दिसत नव्हती, पण ती हसतेय ते दिसत होतं.

मग आम्ही एक खेळ केला. तुम्हीही करून पाहा, सामान काही लागत नाही. एकजण पिल्लू. त्याचे डोळे रुमालानं बांधायचे. एकजण आई, ती थोड्या अंतरावरून हळू शिट्टी वाजवते. बाकीचे गप्प. पिल्लानं शिट्टीच्या दिशेनं चालत आईपर्यंत पोचायचं. पहिल्या वेळी पिल्लू सरळ चालत गेलं, वीस पावलांत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या वेळी सहाजणांना होड्या केलं. प्रत्येकाच्या हातात पोषण आहाराची स्टीलची ताटली आणि चमचा. पिल्लाच्या आजूबाजूला फिरत वाजवत राहायचं. या वेळी पिल्लू होता आमच्या वर्गातला सगळ्यात दांडगा मुलगा. ज्याचा आवाज शिक्षकांच्या खोलीपर्यंत येतो, तोच. आई शिट्टी वाजवत होती, तिचे गाल फुगलेले दिसत होते, पण शिट्टी मलासुद्धा ऐकू येत नव्हती. होड्यांना फार मजा येत होती, त्या आणखी आणखी जवळ जाऊन वाजवत होत्या. मुलगा आधी उजवीकडे गेला. मग डावीकडे. मग मैदानाच्या मधोमध दोन्ही हात पुढे करून उभाच राहिला.

"बाई," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज अगदी लहान आला, "त्यांना थांबवा ना."

मी काही बोलायच्या आत एक ताटली थांबली. मग दुसरी. शेवटची थांबायला जरा वेळ लागला, तिच्या मालकाला अजून वाजवायचं होतं. मग सगळं शांत झालं. टाकीजवळून शिट्टी आली, आणि त्यानं मान तिकडे वळवली.